नऊ हात पाणी

योगराज चौधरीनं नवी जागा शोधायला घेतली, तेव्हा त्याची अट एकच होती. माणसं कमी पाहिजेत. जमीन हलकी असली तरी चालेल, रस्ता कच्चा चालेल, वीज आली तर आली. मुलीसाठी स्थळं बघावीत तसा तो तीन महिने तालुके बघत फिरला. चोपड्याच्या डोंगरपट्टीत दोन गावं बघितली, पारोळ्याकडे एक बघितलं. सगळीकडे त्याला पारावर चार माणसं जास्त बसलेली दिसली आणि तो नाक मुरडून परत आला. त्याची बायको कामिनी म्हणाली, पार बांधलाय म्हटल्यावर माणसं बसणारच, तिथं काय म्हशी बांधायच्या? पण तो ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. शेवटी साक्री तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी, त्याला सावरखिंड सापडली. एकतीस घरं, आणि त्यांतल्या अठ्ठावीस घरांना कुलपं. घरी येऊन त्यानं हे सांगितलं ते देव भेटल्यासारखं.

कामिनी हसली नाही, कारण हे खूळ कुठून आलं ते तिला माहीत होतं. सावद्याला त्यांची पाच एकर केळी होती. मागच्या मे महिन्यात एका दुपारी वारा सुटला आणि दहा मिनिटांत सगळी बाग घडासकट आडवी झाली. तीन दिवसांनी पंचनाम्याला माणूस आला. त्यानं मोबाईल काढला, योगराजला पडलेल्या झाडांत उभं केलं आणि म्हणाला, भाऊ, जरा मान खाली घाला, फोटो बरा येतो. योगराजनं घातली. पन्नाशीचा माणूस, गावात ज्याच्या बागेचं नाव घ्यायचे तो, शाळेतल्या पोरासारखा मान घालून उभा राहिला आणि कामिनीनं ते बांधावरून बघितलं.

त्यानंतर तो ओट्यावर बसून राहू लागला. दाढी करेना, जेवायला हाक मारली तर ताटाजवळ यायचा आणि भाकरीचा एक पापुद्रा मोडून उठायचा. व्यापाऱ्याचा फोन वाजला की उचलत नसे. त्यांची मुलगी भूमिका जळगावला नर्सिंगच्या वसतिगृहात होती. ती सुट्टीत आली, दोन दिवस बापाशी बोलायचा प्रयत्न केला आणि जाताना स्टँडवर रडली. म्हणून दिवाळीनंतर एके दिवशी योगराज आपणहून बोलला तेव्हा कामिनीच्या हातातलं सूप हातातच राहिलं.

"आपल्याले लागतं काय व?" तो म्हणाला. "भाकर, दाय, तेल, दूध. हे सगळं वावरात व्हतं. मंग बजाराच्या तोंडाकडे कायले पाहाचं?"

त्याचा बेत सरळ होता. सावद्याची जमीन विकायची, डोंगरात आठ एकर घ्यायची, लागेल तेवढं पिकवायचं आणि कोणाला काही विकायचं नाही. सावद्याच्या पाचांतली अडीच एकर सासऱ्यांनी मरायच्या आधी कामिनीच्या नावावर केली होती, त्यामुळे तिच्या सहीशिवाय गाडं हलणार नव्हतं. तिनं नाही म्हटलं नाही. नवरा ओट्यावरून उठला होता, तेवढ्यावर ती अर्धी राजी झाली होती. पण शेतकऱ्याच्या घरात जन्म गेलेली बाई. ती म्हणाली, सही देईन, पण आधी चैतात तिथं राहून बघू. हिवाळ्यात कुठलंही गाव गोडच दिसतं. उन्हाळ्यात जे टिकतं ते बारा महिने टिकतं, असं तिचं गणित होतं आणि योगराजलाही ते पटलं. जमिनीचा मालक भिकन सुरतेत यंत्रमागावर होता. तो फोनवर म्हणाला, खुशाल राहा, घर मोकळंच आहे, म्हातारी आहे तिथं, आखाजीला, अक्षय तृतीयेला, मी येतो, तेव्हा कागद करू.

होळी झाल्यावर ते निघाले. टेम्पोत ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, दोन गोधड्या, जातं, पहार, फावडं. गॅसची टाकी कामिनीनं चढवली होती, ती योगराजनं उतरवून ठेवली. स्वतःच्या बळावर राहायचं तर टाकी कशाला, म्हणाला. कामिनीला चूल पेटवून वीस वर्षं झाली होती हे त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि पहिल्या सकाळी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या धुरानं तिचे डोळे चुरचुरून बंद झाले तेव्हाही आलं नाही.

भिकनची आई लिलाबाई पासष्टीच्या पुढची, हाडं मोजून घ्यावीत इतकी वाळलेली बाई. तिनं पाहुण्यांसाठी पुढची खोली सारवून ठेवली होती आणि स्वतः मागच्या पडवीत बकऱ्यांजवळ गेली होती. गावात तिच्याखेरीज राहत होते ते पायानं अधू असलेला वना आणि दोन अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं. बाकी गाव दिवाळी झाली की बारडोलीकडे ऊस तोडायला जायचं. लिलाबाईच्या कमरेला कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा असायचा. दर चार-आठ दिवसांनी ती एकेक घर उघडून झाडायची, देवाजवळ दिवा लावायची आणि परत कुलूप घालायची. योगराज हे कौतुकानं बघायचा. त्याच्या लेखी ती एखाद्या शांत देवळाची पुजारीण होती.

पहिल्या आठवड्यात डोंगरानं त्यांना चांगलंच पाणी पाजलं. तापीकाठच्या माणसाला माती म्हणजे काय, ती खाली जातच राहते. इथं कुंपणासाठी खड्डा खणायला योगराजनं पहार घातली आणि वीतभर खाली ती खणकन वाजून हाताला झिणझिण्या आल्या. दुसरीकडे घातली, तिथंही तेच. सबंध दिवसात चार खड्डे झाले. तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यावर हळद बांधून तो परत उभा राहिला. वना काठी टेकत यायचा, बांधावर बसून बघायचा आणि तसाच उठून जायचा. एकदा मात्र त्यानं पहार हातात घेतली, बसल्या बसल्या दगडाची शीर शोधली आणि तीन घावांत दगड उपटून दिला. योगराज शरमला, मग मोकळेपणानं हसला. कामिनीनं किती महिन्यांनी ते हसू ऐकलं.

ती स्वतः जात्यावर बसायची. पहिले चार दिवस दंड वर होईनात, केस विंचरताना हात मध्येच खाली यायचा. लिलाबाईची गाय तिला जवळ येऊ देईना, दोनदा चरवी लाथाडली. पण दहा-बारा दिवसांत हात बसला. अंगणात वांग्या-गवारीचा वाफा केला, त्याला कळशीनं पाणी घालू लागली. आणि योगराज खायला लागला. कळण्याची भाकरी, लसणाची चटणी, वर ताक, आणि तिसरी भाकरी तो मागून घ्यायचा. दाढी करायचा. बांध घालताना जुनं काहीतरी गुणगुणायचा. हे बघून कामिनीच्या मनातली अढी सुटत चालली. एकदा तिनंच विचारलं, गोठा कुठल्या अंगाला घालायचा?

सगळ्यांत मोठी गोष्ट होती विहीर. ती भिकनच्याच जमिनीत, नाल्याला लागून, उंबराच्या सावलीत होती. योगराजनं सुताच्या दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि रोज सकाळी तो दोरी सोडून पाणी मोजायचा. नऊ हात. चैत्राचा पहिला आठवडा गेला, नऊ हात. दुसरा गेला, बाहेर दगडावर पाय ठेववत नव्हता, तरी नऊ हात, फार तर चार बोटं कमी. तो दोरी गुंडाळत घरी यायचा तेव्हा त्याची चाल बदललेली असायची. सावद्याला प्रत्येकाचा बोर ज्याचा त्याचा, खोल, झाकलेला. पाणी मोजायचं म्हणजे मोटार किती तास चालली ते बघायचं. विहीर दिसते तेवढीच असते आणि ती आपली असते, असं त्याला वाटणं साहजिक होतं. कामिनीलाही तसंच वाटलं.

फक्त एक गोष्ट तिला खटकायची. नऊ हात पाणी असताना लिलाबाई पाणी तुपासारखं वापरायची. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. पिठाची काठवट धुतलेलं पाणी कोंबड्यांना. आंघोळ दीड तांब्यात, तीही उतरत्या दगडावर बसून, म्हणजे खाली घातलेल्या घमेल्यात पाणी उतरावं आणि बकऱ्यांनी ते प्यावं. कामिनी वाफ्याला कळशी ओतायची तेव्हा म्हातारी बोलायची नाही, पण तिकडे बघायचीही नाही. कामिनीला वाटलं, जुनी सवय आहे, काटकसर अंगात मुरली आहे.

चैत्राच्या तिसऱ्या आठवड्यात कामिनीला ऊन लागलं. सकाळपासून काट्यांचं कुंपण ओढत होती, दुपारी उठून उभी राहिली आणि डोळ्यांपुढं पिवळं झालं. योगराजनं तिला उचलून पडवीत आणलं. अंग तापलेल्या तव्यासारखं आणि घाम एक थेंब नाही. तो फोन घेऊन टेकडीवर पळाला, कारण रेंज फक्त तिथं लागायची. अर्ध्या तासानं धापा टाकत परत आला. फाट्यावरच्या रिक्षावाल्याचा फोन बंद होता आणि दवाखाना तेवीस किलोमीटर. गावात हाक मारायला कोणी नव्हतं. हेच त्यानं मागितलं होतं, आणि आता त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

लिलाबाईनं त्याला सावदेकर म्हणून हाक मारली आणि कैऱ्या भाजायला बसवलं. स्वतः कांदा ठेचून कामिनीच्या तळपायाला चोळत राहिली. पन्हं चमच्यानं पाजलं. लुगडं ओलं करून अंगावर घातलं, वाळलं की पुन्हा ओलं केलं. ऊन उतरेपर्यंत तिचा हात थांबला नाही. संध्याकाळी कामिनीला घाम फुटला तेव्हा योगराज भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या हातात सोललेल्या कैरीची साल तशीच होती.

दुसऱ्या दिवशी योगराज फाट्यावर औषध आणायला गेला. लिलाबाईनं कामिनीला दगडावर बसवून आंघोळ घातली. तांब्या अर्धा भरायचा, खांद्यावर हळू सोडायचा, हातानं अंगभर फिरवायचं. गार पाण्यानं कामिनीला इतकं बरं वाटत होतं की तिनं लहान पोरीसारखा हट्ट केला.

"माय, इतलं पाणी हाये विहिरीत. टाक ना अजून."

लिलाबाईचा हात थांबला. "ते आते शे, बाई," ती म्हणाली.

"आता हाये म्हंजे?"

"गावमा कोनी नही म्हनीसन शे. गाव जास म्हनीसन पानी ऱ्हास."

मग ती खाली बसली आणि बोलली. बोलताना कामिनीच्या पाठीकडेच बघत होती, ते बरं पडत असावं. नाल्याची एकच शीर. तिच्यावर गावाच्या तीन विहिरी, वरच्या दोन उथळ. आखाजीला गाव परत येतं, माणसं येतात, बैल येतात. वरच्या दोन एक-दोन दिवसांत तळ दाखवतात, मग सगळे हंडे या विहिरीवर. वैशाख सरता सरता हिच्यातही चिखल. जेठात टँकर आला तर आला. एकतीस घरं वर्षभर इथं राहतील एवढं पाणी या डोंगरात कधीच नव्हतं, म्हणून तर आजोबांच्या काळापासून गाव निघून जातं. ऊस हे निमित्त. जे जातात ते मागं राहिलेल्यांसाठी पाणी सोडून जातात.

कामिनी ओल्या अंगानं तशीच बसून राहिली. तिनं ठरवलेली परीक्षाच खोटी निघाली होती. उन्हाळ्याला तोंड दिलं की सगळं कळतं, हे तिचंच म्हणणं. रिकाम्या गावातला उन्हाळा हा उन्हाळाच नसतो हे तिला सुचलं नव्हतं.

"हे आम्हाले पहिल्या दिवशीच कायले नाही सांगितलं, माय?"

"सांगती तर तुम्ही ऱ्हातात का?"

पुढचं तिनं तुटक तुटक सांगितलं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मागं राहणारी तीच. कोणीतरी राहावंच लागतं, गुरांना, दिव्यांना, खिळलेल्या माणसांना. भिकनचा मुलगा नऊ वर्षांचा झाला, तिनं त्याला चारदा बघितलाय. सुरतेत एकच खोली, त्यात तिला जागा नाही. जमीन विकली गेली तर भिकन दुसरी खोली घेणार आणि तिला नेणार. कोंबड्या वनाला द्यायचं तिनं कबूल केलं होतं. बकऱ्याही बोलून ठेवल्या होत्या. किल्ल्यांचं काय करायचं हे तिनं मनात ठरवलं होतं. ते कामिनीनं विचारलं नाही, कारण तो जुडगा आता आपल्याच कमरेला येणार हे तिला कळलं.

"तुना मानूसले सांगू नको," लिलाबाई म्हणाली. "तो बी खुश शे. मी बी सुटसू."

कामिनीनं त्या दिवशी नवऱ्याला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. योगराज औषधाबरोबर फाट्यावरून शेवग्याच्या दोन फांद्या घेऊन आला होता. त्या लावल्या आणि म्हणाला, दोन वर्षांत शेंगा. तिनं आळ्यात पाणी घातलं, अर्धाच तांब्या. तो हसला, म्हातारीची सवय लागली का तुला? सांगायला म्हणून तिनं तांब्या खाली ठेवला. पण त्याच्या हनुवटीवर साबण राहिला होता आणि तो दाढी करून आला होता, आणि ओट्यावर बसलेला तो दुसरा माणूस तिला आठवला. त्याला परत आणायची तिची छाती होईना. कधी वाटायचं, तेरा-चौदा दिवसांचाच प्रश्न आहे, कागद झाला की काय ते बघता येईल. कधी म्हातारीचा हात आठवायचा, तळपायावर फिरणारा. दोन्ही बाजूंनी तिचं तोंड बांधलेलं होतं.

आखाजीच्या चार दिवस आधी गाव आलं. एक ट्रक आणि दोन ट्रॅक्टर, वर चुली, गोधड्या, पोरं, एक सायकल. तासाभरात कुलपं निघाली. लिलाबाईच्या कमरेचा जुडगा रिकामा झाला. जिथं तीन धूर निघत होते तिथं एकतीस निघाले. दुसऱ्या दिवशी सासरी गेलेल्या पोरी माहेरपणाला येऊ लागल्या, कडुनिंबाला झोके बांधले गेले आणि गौराईची गाणी सुरू झाली. कामिनीला गर्दी बघून हायसं वाटलं आणि तसं वाटल्याबद्दल अपराधीही वाटलं. योगराज मात्र घराच्या मागच्या अंगाला राहू लागला.

शेजारचा निंबा भेटायला आला. ऊस तोडून हातांच्या भेगा काळ्या पडलेल्या. तो उंबऱ्याबाहेरच बसला, पाणी प्यायला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग ज्यासाठी आला होता ते त्यानं विचारलं. "भाऊ, विहीर तुमनी व्हयनी का मंग बी पानी भरू देशात ना?"

योगराज म्हणाला, भरा की, नऊ हात पाणी आहे, कोणाला नाही म्हणायचं? निंबानं मान हलवली. त्यानं लिलाबाईकडे एकदा बघितलं, लिलाबाईनं खाली बघितलं, आणि तो उठून गेला.

पहाटेपासून कप्पी वाजू लागली. बायका रांगेनं, हंड्यावर हंडा. पहिल्या दिवशी योगराजची दोरी आठ हात भिजली. दुसऱ्या दिवशी सात. सणाचं पाणी लागतंच, तो म्हणाला, घरं धुतात, गोधड्या धुतात, नंतर बसेल जागेवर. तिसऱ्या दिवशी सकाळी कामिनी कळशी घेऊन मागून येत होती. तो विहिरीवर एकटा होता. त्यानं दोरी सोडली, ओढली, गाठी मोजल्या. मग ओला भाग धोतरानं पुसून टाकला, विहिरीची एक पायरी उतरला, तिथून पाण्याशी आणखी जवळ वाकला आणि पुन्हा दोरी सोडली. दगड तळाशी टेकल्यावरही सोडत राहिला. दोरी पाण्यात गोळा झाली. वर काढली तेव्हा नवव्या गाठीपर्यंत भिजलेली होती. ती नीट गुंडाळून तो घरी गेला. कामिनी उंबराला धरून उभी राहिली. स्वतःला फसवणाऱ्या माणसाचा राग येतो, तसा तिला आला नाही. तिला त्याची फार दया आली, आणि आपणही त्याच्याबरोबर तेच करतोय हे कळलं.

आखाजीच्या सकाळी योगराजनं इस्त्रीचा शर्ट घातला. भिकन आदल्या संध्याकाळीच सुरतेहून आला होता, त्याच्या पिशवीत कागद होता, दहाला बसायचं ठरलं होतं. कामिनीनं नवऱ्याला वाफ्याशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. एक शीर, तीन विहिरी, गाव जातं म्हणून राहणारं पाणी, जेठातला टँकर. लिलाबाईनं काय मागितलं होतं तेही सांगितलं.

"तुले कवापासून माहीत?" त्यानं विचारलं.

"पंधरा दिवस झाले."

तो वाफ्याकडे बघत उभा राहिला. मग एकदम त्याच्या तोंडावर उजेड आला. "मंग बोर मारू," तो म्हणाला. "सहाशे फूट गेलं की लागीन. आपलं आपल्याले झालं म्हंजे झालं."

"सावद्याले आपुन किती मारले?"

त्यानं पायानं एक ढेकूळ फोडलं.

"पहिला अडीचशेवर लागला, शेवटचा नऊशेवर कोरडा गेला," ती म्हणाली. "मधी आपल्या शेजारच्या दोघांच्या विहिरी आटल्या, त्यायले आपुन काय सांगितलं? तुमचं नशीब. इथी बोर मारला तर हे तीस घरं हंडे घेऊन आपल्या दारात उभे राहातीन, अन् तुम्ही दार लावसान. मले ती सही नाही करता येत."

योगराज खाली बसला, इस्त्रीच्या शर्टानं, मातीत. हातानं वाफ्याची कड सारखी करत राहिला. कुठून तरी झोक्याचं गाणं येत होतं.

"इथी मले भूक लागे, कामिनी," तो म्हणाला.

तिला रडू कोसळलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्यानं तो झटकला नाही. पण तिच्याकडे बघितलंही नाही.

दहाला तो भिकनपुढं जाऊन उभा राहिला आणि सौदा होणार नाही म्हणाला. कारण विचारल्यावर पाणी, एवढंच म्हणाला. म्हातारीचं नाव त्यानं घेतलं नाही, त्यासाठी कामिनीनं त्याला मनात हात जोडले. पण भिकन काही खुळा नव्हता. तो पडवीत गेला. लिलाबाई सणाच्या सांजोऱ्या तळत होती.

"आई, तू सांगं का त्यासले?"

ती नाही म्हणू शकली असती. झारा कढईवर धरून ती म्हणाली, "हाव."

"मंग ऱ्हाय आठेच," भिकन म्हणाला, आणि पायात चपला घालून वनाच्या घराकडे गेला.

टेम्पो सांगितला होता तो दुपारी फाट्यावर येणार होता. कामिनीनं जातं तिथंच ठेवलं, ज्वारी ठेवली. योगराज सामान घेऊन पुढं गेला. म्हातारीला भेटल्याशिवाय जायचं तिला धाडस होत नव्हतं आणि भेटायचंही होत नव्हतं. लिलाबाई विहिरीवर सापडली. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, सांजोरी ठेवतात. ती नवऱ्याची घागर भरत होती. दीड तांब्यात आंघोळ करणारी बाई, पण ही घागर तिनं काठाच्या वर पाणी येईपर्यंत भरली.

कामिनी वाकून पाया पडली. म्हणाली, माय, मी तुझं नुकसान केलं. लिलाबाईनं तिला उठवलं नाही, पायही मागं घेतले नाहीत.

"तू सांगं ते बेस कयं, आसं मी म्हनाव नही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. "हात लाव."

कामिनीनं घागरीला हात लावला. दोघींनी मिळून ती उचलली. म्हातारीनं चुंबळीवर तोललं, मान सावरली आणि दोन पावलं चालून थांबली. डोक्यावर पाणी असल्यानं तिला मागं वळता येत नव्हतं, म्हणून ती समोर बघूनच बोलली.

"पुढला सालले कोनी जागा देखाले ऊनं, ते मी त्याले आखाजीलगून थांबू देवाव नही. होळीलेच कागद करी टाकसू."

आणि ती घराकडे निघाली.